फड पेटला कुठून?

वाळवा तालुक्यातलं हे उसाचं शिवार. वरून पाहिलं की मधोमध हा काळा पट्टा दिसतो. ड्रोन अजून वर जाऊ दे... आता आकार कळतो. पश्चिमेला निमुळता, पूर्वेला पसरट. त्या दुपारी वारा पश्चिमेचा होता. म्हणजे तपास करायचा तर पूर्वेकडून वाऱ्याच्या तोंडावर चालत यायचं.

जिथं सगळ्यात जास्त राख, तिथंच आग लागली, असं बांधावर जमलेले लोक ठामपणे सांगतात. बहुतेक वेळा ते उलटं असतं. तिथं पोचेपर्यंत आगीनं जोर धरलेला असतो. सुरुवातीला ती पाचटातून, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यातून, धुमसत चारी बाजूंना सरकते, त्यामुळे उगमापाशी अर्धवट जळालेली पानं, न जळालेली काडी मिळू शकते.

बांधावरचा हा दगड पाहा. एक अंग काजळलेलं. दुसऱ्या अंगाला, बुडाशी, गवताची पिवळी पाती तशीच उभी. आग आली ती काजळलेल्या बाजूनं. उसाची कांडीही हेच सांगते: एका बाजूची साल करपून तडकलेली, दुसरीवर नुसता धूर बसलेला. प्रत्येक खुणेपाशी काठी रोवली आणि काठीला चिंधी बांधली. लाल म्हणजे वाऱ्याबरोबर धावलेली आग, पिवळी बाजूला सरकलेली, निळी वाऱ्याच्या विरुद्ध आलेली. शेतात सगळीकडे लालच लाल. पश्चिमेच्या बांधाशी मात्र तिन्ही रंग चार सऱ्यांत दाटीनं येतात.

आता तिथून वर पाहा.

११ के.व्ही.च्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या, उघड्या तारा. शेतातून जाताना त्या जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच हव्यात, असा नियम आहे. इथला झोळ तुम्हीच पाहताय. कॅमेरा जवळ घेतला की दोन तारांवर समोरासमोर, खांबापासून सारख्याच अंतरावर, खड्डे दिसतात. वाऱ्यानं तारा एकमेकींवर आपटल्या की वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब खाली पडतात. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पाचटाला पेटायला त्याच्या निम्मंही पुरतं.

खालची राख चाळली, चाळणीत मोहरीएवढे चकचकीत मणी उरले. पण मणी सापडले म्हणून काम झालं नाही. बांधावर टाकलेला ॲल्युमिनियमचा डबाही आगीत वितळतो. म्हणून वरच्या खड्ड्यापासून ओळंबा सोडायचा, वाऱ्याचा हिशेब धरायचा आणि मणी पडले ती जागा त्याच्याशी जुळते का ते पाहायचं. शिवाय त्या वेळी शेतीची लाइट होती का, या तारांना वीज पुरवणारा फीडर ट्रिप होऊन बंद पडला का, हे उपकेंद्राच्या नोंदवहीत पाहायचं. बीडी, शेजारी पेटवलेलं पाचट, या शक्यताही तपासून बाजूला काढायच्या.

एवढं सगळं पंचनाम्यात अनेकदा एका शब्दात उरकतं: ‘शॉर्टसर्किट’. कुठल्या तारांमध्ये, कुठल्या खांबाजवळ, काही नाही. आणि जळका ऊस थांबत नाही, दिवसागणिक वजन आणि साखर उतरते, त्यामुळे तोड लगेच लागते. टोळी फिरली की दगड हलतो, राख तुडवली जाते, मणी मातीत जातात.

इथं मुकादमाला सांगून तोड पूर्वेकडून लावली. बांधालगतच्या चार सऱ्या शेवटी, फोटो आणि मोजमापं झाल्यावर.

कारखान्यात जळीत ऊस म्हणून बिलात कपात झाली. भरपाईचा अर्ज फोटोंसह विद्युत निरीक्षकांकडे गेला आहे.