पाण्याच्या चावीपासून मुख्यमंत्रिपदापर्यंत

मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांचं नाव निघालं की पाठोपाठ ‘पाणीवाली बाई’ हे शब्द येतातच. लोकांनी मायेनं दिलेलं नाव आहे, आणि ते खरंही आहे. पण त्या नावाखाली एक गोष्ट झाकली गेली. मोर्चा काढणाऱ्या, लाटणं हातात घेणाऱ्या मृणालताईंना आपण डोक्यावर घेतलं. राज्य चालवायला जे जे लागतं ते या बाईंजवळ होतं, हे मोजायचं मात्र राहून गेलं. आज मला ते मोजायचं आहे.

२४ जून १९२८ हा त्यांचा जन्मदिवस. हुशार विद्यार्थिनी, वैद्यकीय शिक्षण घेत होत्या, ते अर्ध्यावर सोडून राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीत आल्या. बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं, गोरेगावात बिऱ्हाड झालं, काम सुरू झालं. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. तीनच वर्षांनी, १९६१ मध्ये, मृणालताई मुंबई महापालिकेवर निवडून आल्या.

आता पाणी. मुंबईला त्या काळी मुख्यतः ठाणे जिल्ह्यातल्या तानसा आणि मोडकसागर या धरणांचं पाणी येई. मोठ्या जलवाहिन्यांतून ते शहराच्या टाक्यांत, तिथून विभागवार, ठरलेल्या तासांना. रस्त्यावरच्या झडपेची चावी फिरवणारा तो चावीवाला. त्यानं चावी फिरवली की गल्लीत पाणी येतं, बंद केली की जातं. वाहिनीच्या सुरुवातीला दाब चांगला असतो, शेपटाला नळ नुसता फुरफुरतो. उपनगरं भराभर वाढत होती. पन्नास घरांसाठी टाकलेल्या नळावर पाचशे घरं आली की शेवटच्या बाईच्या हंड्यात काय पडणार?

‘पाणी येत नाही’ ही तक्रार एकच दिसते, पण तिची कारणं निदान चार असतात. वाहिनीच टाकलेली नाही. टाकली आहे, पण व्यासानं अपुरी आहे. व्यास पुरेसा आहे, पण झडप पुरेसा वेळ उघडी नसते. किंवा सगळं ठीक आहे, पण वस्तीकडे जमिनीचा कागद नाही म्हणून जोडणीच मंजूर होत नाही. पहिल्याला अंदाजपत्रकात तरतूद लागते. दुसऱ्याला जल अभियंत्याचा आराखडा लागतो. तिसरं काम विभाग कार्यालयात होतं. चौथ्यासाठी धोरणच बदलावं लागतं. चारही कारणांसाठी एकाच दारावर मोर्चा नेला, तर घोषणा होतात, अधिकारी निवेदन घेतो, आणि आठवड्यानं नळ तसाच कोरडा. सभागृहात प्रश्न आणि रस्त्यावर बायका, ही जोडी जमवणं हे मृणालताईंचं बळ होतं. कागद नसलेल्या झोपडीलाही पाणी मिळालंच पाहिजे, हा चौथ्या प्रकारचा आग्रह त्यांनी लावून धरला. आणि तो सगळ्यांत अवघड होता, कारण तिथे अभियंत्याशी नव्हे, नियमाशी भांडायचं होतं. दुखणं कुठे आहे ते ओळखून तिथेच हात घालणं, यालाच आपण प्रशासन म्हणतो.

१९७२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसनं २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. त्या लाटेत मृणालताई विरोधी पक्षातून निवडून आल्या. त्याच वर्षी दुष्काळ होता. धान्य, साखर, तेल, रॉकेल, सगळ्याची टंचाई आणि महागाई. महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली. तिच्यात कोण होतं पाहा: समाजवादी मृणालताई आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्याताई रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी. एरवी एकमेकांच्या सभेला न जाणाऱ्या पक्षांच्या या बाया. त्यांना लाटणी आणि थाळ्या घेऊन एका मोर्चात चालवणं सोपं नव्हतं. मागणी रॉकेल-धान्यापुरती ठेवली म्हणून ते जमलं. विचारसरणीचा वाद मध्ये घातला असता तर पहिल्याच बैठकीत फाटलं असतं. आघाडी सरकार चालवणाऱ्या माणसाला याहून वेगळं काय करावं लागतं?

गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या कायद्यावर थोडं थांबायला हवं. गर्भजलाची तपासणी करून मुलीचा गर्भ पाडण्याचे प्रकार वाढले तेव्हा मृणालताईंनी १९८६ मध्ये विधानसभेत अशासकीय विधेयक मांडलं. अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं आणलेलं विधेयक. अधिवेशनात त्याला फार थोडा वेळ मिळतो आणि सरकारच्या पाठिंब्याशिवाय ते सहसा मंजूर होत नाही. मग आणायचं कशाला? कारण एकदा ते पटलावर आलं की सरकारला बाजू सांगावी लागते. विरोध करायचा तर कारण नोंदवावं लागतं; पाठिंबा द्यायचा तर स्वतःचं विधेयक आणावं लागतं. इथे तसंच झालं. बाहेर स्त्री संघटना आणि डॉक्टर लढत होते, आत विधेयक होतं, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला. देशात अशा प्रकारचा पहिला. त्यात उणीवही होती: राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीत संपतो, तपासणीसाठी हद्द ओलांडणाऱ्याला तो अडवू शकत नाही. म्हणून १९९४ चा केंद्रीय कायदा लागला. पण वाट महाराष्ट्रानं दाखवली, आणि महाराष्ट्राला ती विरोधी बाकावरच्या एका बाईनं दाखवली.

गोरेगावच्या दिंडोशीत नागरी निवारा परिषदेतर्फे सहकाऱ्यांसह त्यांनी हजारो परवडणारी घरं उभी केली, हेही याच हिशेबात धरा. १९७६ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानं मुंबईत ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली होती. जादा जमिनीवर गरिबांसाठी घरं व्हावीत असं कायदा म्हणत होता, आणि सवलतींच्या वाटेनं ती जमीन निसटत होती. तिथे नुसता निषेध न करता घरं बांधून दाखवली.

मग एवढं सगळं असताना मुख्यमंत्रिपद का नाही? भावनेपेक्षा आकडे पाहावेत. १९७७ मध्ये त्या जनता पक्षातर्फे उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तेव्हाची; दिल्लीवाली बाई म्हणजे इंदिरा गांधी. पुढच्याच वर्षी विधानसभेची निवडणूक झाली. २८८ पैकी जनता पक्षाला ९९ जागा, काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. जनता पक्ष सगळ्यांत मोठा, पण बहुमताचे १४५ नाहीत. जुलै १९७८ मध्ये पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचं, सरकार आलं तेव्हा मोठा गट जनता पक्षाचा होता आणि मुख्यमंत्री झाले शरद पवार. मृणालताईंचा पक्ष सत्तेच्या इतका जवळ एकदाच आला, आणि त्या वेळी त्या दिल्लीत होत्या. नियमाची अडचण नव्हती: घटनेच्या कलम १६४ प्रमाणे आमदार नसलेली व्यक्ती सहा महिने मंत्री राहू शकते, तेवढ्यात विधानसभेवर किंवा विधान परिषदेवर निवडून यावं लागतं. अडचण आमदारांच्या जुळणीची होती. पुढे १९८५ मध्ये त्या विधानसभेत परत आल्या, विरोधी पक्षनेत्याही झाल्या, पण तोवर जनता पक्षाचे आमदार होते अवघे २०.

मोरारजी देसाईंनी देऊ केलेलं केंद्रीय आरोग्य मंत्रिपद मृणालताईंनी नाकारलं, हे आपण त्यागाचं उदाहरण म्हणून सांगतो. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मला तो निर्णय देशाच्या तोट्याचा वाटतो. वैद्यक शिकलेली, कुटुंबनियोजनाचं काम वस्तीत जाऊन केलेली, पाण्यामुळे होणारे आजार घराघरांत पाहिलेली बाई आरोग्य खात्यात बसायला हवी होती. पुरुषानं पद घेतलं की ती कर्तबगारी, बाईनं सोडलं की ती थोरवी, ही मोजपट्टी आपली आहे आणि ती चुकीची आहे.

सुचेता कृपलानी १९६३ मध्ये उत्तर प्रदेशाच्या मुख्यमंत्री झाल्या. मराठीचा आग्रह धरणाऱ्या शशिकलाताई काकोडकर १९७३ मध्ये गोव्याच्या झाल्या. १९६० पासून महाराष्ट्रात एकही नाही. प्रतिभाताई पाटील विरोधी पक्षनेत्या झाल्या, राष्ट्रपती झाल्या; वर्षा बंगल्यावर बाई गेली ती मुख्यमंत्र्याची पत्नी म्हणून.

आज स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या पालिकेत एवढंच पाहा: नगरसेविकेला महिला व बालकल्याण समिती मिळते की स्थायी समिती. खर्चाचे प्रस्ताव स्थायी समितीपुढे येतात. कंत्राट कुणाला, नळ किती इंची, रस्ता कधी, हे तिथे कळतं, आणि आमदारांची जुळणी करणारी माणसं तिथूनच पुढे जातात. मृणालताई गेल्या १७ जुलै २०१२ ला. त्यांच्यासारखी एखादी आत्ता कुठल्या तरी विभाग कार्यालयात झडपेच्या वेळा विचारत बसली असेल. पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेला प्रेक्षक कक्षात जाऊन बसा, आणि ती बोलायला उठली की तिनं कुठली तरतूद मागितली ते लिहून घ्या.