घरच्या सेवेला बाहेरचा हात

बंधू-भगिनींनो,

माझे वडील, ज्यांना सारे गाव आबा म्हणे, पक्षाघातानंतर साडेतीन वर्षे चोपडा तालुक्यातील आमच्या घरी अंथरुणाला खिळून होते. दर रविवारी मी येथून, परदेशातून फोन केला की वहिनी एवढेच म्हणत असे, ‘‘भाऊ, मी शे ना,’’ म्हणजे मी आहे ना. त्या शब्दांवर मी निर्धास्त राहिलो, ही माझी चूक होती.

शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. म्हणजे खानदेशातल्या मे महिन्याच्या उकाड्यात, दिवसभराचे रांधणे-धुणे आटोपल्यावर, वहिनी रात्रीतून तीन-चार वेळा उठत होती. तिचा रक्तदाब वाढल्याचे मला कळले, ते ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्यावर. काळजीवाहकांचा ताण मोजण्यासाठी संशोधक झरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, अशा आशयाचा एक प्रश्न तीत आहे. तो मी वहिनीला कधीच विचारला नव्हता. आबांच्या गोळ्यांची चौकशी मात्र दर आठवड्याला करत होतो.

मदतनीस ठेवण्यात अडचण पैशांची नव्हती. ‘लोक काय म्हनतीन?’ या धास्तीने बारा तासांच्या पाळीची मावशी शेवटच्या आठ महिन्यांतच घरात आली. पहिले पंधरा दिवस आबांना तिच्या हातचे पाणीही नको होते, आणि वहिनीही तिच्याजवळून हलत नसे. पण चादरीच्या आधाराने रुग्णाला कसे वळवावे, हे मावशीला ठाऊक होते. तोवर वहिनी आबांना स्वतःच्या कमरेच्या बळावर उचलत आली होती. अर्थात मावशी म्हणजे परिचारिका नव्हे, आणि जखमेचे ड्रेसिंग किंवा लघवीची नळी प्रशिक्षित हातांकडेच सोपवावी, हेही मला येथे आवर्जून सांगायचे आहे.

भारतात ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ या क्रमांकांवर फोन करता येतो. दुसरा क्रमांक सेवा करणाऱ्या व्यक्तीलाही आवर्जून द्या.

मात्र मदतनीस ठेवण्याची गोष्ट सुनेने काढली, तर बोल तिलाच लागतो. म्हणून मावशीचा पगार घरखर्चात न मिसळता वेगळा पाठवा, आणि गावातल्या काका-आत्यांना स्वतः फोन करून सांगा की हा निर्णय माझा आहे.