निघतो निघतो म्हणणाऱ्या माणसांचे बिक्सेल गुरुजी

एक रेल्वे स्टेशन डोळ्यासमोर आणा, ओल्टन. स्वित्झर्लंडच्या टूरवाल्यांच्या यादीत हे नाव सापडणार नाही, हिवाळ्यात धुकं आणि बारा महिने गाडी बदलायला धावणारी माणसं, बस. झुरिक, बर्न, बाझल, लुसर्न, सगळ्या लाइनी इथे येऊन भेटतात. जर्मनमध्ये लिहिणारे स्विस लेखक पीटर बिक्सेल या गावात वाढले. जन्म लुसर्नचा, २४ मार्च १९३५, वडील कारागीर, आणि पोरगं लहान असतानाच बिऱ्हाड इकडे आलं.

शिकून ते प्राथमिक शाळेत शिक्षक झाले. झोलोथुर्न शहराला खेटून त्सुखविल नावाचं गाव आहे, कारखान्यांचं, तिथल्या शाळेत. आपल्याकडे असते तर गावाने त्यांना बिक्सेल गुरुजीच म्हटलं असतं, आणि मला विचाराल तर ते लिहायला बसले तरी गुरुजीच राहिले, म्हणजे वाक्य असं की चौथीतल्या मुलाला कळावं आणि त्याच्या बापाला रात्री झोप येऊ नये.

१९६४ साली शाळा सांभाळत असतानाच एक छोटंसं पुस्तक आलं. २१ गोष्टी, आणि बहुतेक गोष्टी दोन-तीन पानांत खलास. शीर्षकाचा अर्थ साधारण असा की ब्लूमबाईंना खरं तर दूधवाल्याशी ओळख करून घ्यायचीय. दूधवाला येतो पहाटे चारला, बाईंनी त्याला कधी बघितलेलं नाही, सगळा व्यवहार चिठ्ठीवर. एवढीच गोष्ट!

याच पुस्तकात पाउल नावाचा एक माणूस आहे. त्याने नवीन शाईपेन आणलंय, संध्याकाळी घरी बसून ते चालवून बघतोय, सही करतो, पत्ता लिहितो, नागमोडी रेघा मारतो, आणि मग सहज लिहून जातो की मला इथे फार थंडी वाजते, मी दक्षिण अमेरिकेला चाललो. खाली स्वतःचं नाव. शाई वाळून काळी होईपर्यंत बघत बसतो. बायको हिल्डेगार्ड चर्चच्या गाण्याच्या प्रॅक्टिसला गेलीय, साडेनऊला येईल, चिठ्ठी वाचेल, घाबरेल, कपाटातले शर्ट मोजेल, कुठे कुठे फोन करेल, असं सगळं हा टेबलाशी बसून मनात रंगवतो आणि मध्येच पेनासोबत आलेला माहितीचा कागद वाचतो, अगदी फ्रेंचमधला मजकूरसुद्धा. साडेनऊला बायको येते आणि विचारते, मुलं झोपली का? संपली गोष्ट. लग्नाला दहा-बारा वर्षं झालेल्या कुणालाही ही वाचायला द्या आणि गंमत बघा.

पुढच्याच वर्षी, १९६५ ला, बर्लिनमध्ये त्यांना ग्रुप ४७ चं बक्षीस मिळालं. हा ग्रुप म्हणजे युद्धानंतरच्या जर्मन लेखकांचा अड्डा, हाइन्रिश ब्योल आणि ग्युंटर ग्रास ही आधीची बक्षीसवाली मंडळी. तिथला नियम खतरनाक, लेखकाने आपलं अप्रकाशित लिखाण सगळ्यांसमोर वाचायचं आणि नंतर लोक सालटी काढत असताना तोंडातून ब्र काढायचा नाही. ज्या खुर्चीत तो बसायचा तिला मंडळी इलेक्ट्रिक चेअर म्हणायची. त्या खुर्चीतून हे खेड्यातले मास्तर बक्षीस घेऊन उठले. तरी शाळेची नोकरी १९६८ पर्यंत चालूच होती.

१९६९ हे वर्ष मात्र नीट बघायला हवं. त्या वर्षी मुलांच्या नावाने सात गोष्टींचं पुस्तक आलं, आणि त्यात म्हातारेच म्हातारे. एकाला पृथ्वी गोल आहे हे माहितीये पण खात्री करायचीय, म्हणून तो नाकासमोर सरळ चालत जायचं ठरवतो, पण समोरच घर, मग शिडी पाहिजे, शिडी वाहायला गाडी पाहिजे, गाडी ओढायला माणूस पाहिजे, ती यादी वाढतच जाते, आणि शेवटी ऐंशीव्या वर्षी तो फक्त शिडी घेऊन निघतो. पाउलला जे जमलं नाही ते ह्याने केलं.

आणि त्याच वर्षी स्विस माणसाच्या स्वतःविषयीच्या कौतुकावर टीका करणारं एक छोटं पुस्तक. आम्ही तटस्थ, आम्ही स्वतंत्र, महायुद्धात आमच्या सैन्यामुळे वाचलो, ही जी घराघरातली समजूत होती ना, तिला गुरुजींनी शांतपणे हात घातला. वातावरण कसलं होतं बघा, सरकारने तेव्हा नागरी संरक्षणाचं एक पुस्तक घरोघर वाटलं होतं आणि त्यात डाव्या विचाराच्या, बुद्धिजीवी लोकांकडे जवळजवळ फितूर म्हणूनच बघितलं होतं. त्या पुस्तकाच्या फ्रेंच आवृत्तीत स्विस लेखक संघाच्या अध्यक्षांचाच हात! १९७० ला २२ लेखक संघातून बाहेर पडले, माक्स फ्रिश, ड्युरेनमाट, बिक्सेल, सगळे. पुढच्या वर्षी त्यांनी वेगळी संघटना काढली आणि नाव ठेवलं ग्रुप ओल्टन, कारण भेटायचं कुठे, तर सगळ्यांना गाडीने सोयीचं पडेल तिथे, स्टेशनवरच्या रेस्टॉरंटमध्ये.

एवढी टीका करणारा माणूस पुढे सरकारच्या आतही जाऊन बसला. त्यांच्याच भागातले विली रिट्शार्ड, मूळचे हीटिंगची फिटिंग करणारे कामगार, १९७४ ला केंद्रात मंत्री झाले आणि १९८१ पर्यंत बिक्सेल त्यांचे सल्लागार, भाषणंही लिहून द्यायचे. मंत्र्यांची भाषणं लोकांना कळायची म्हणतात, त्यात आश्चर्य काय.

नंतर कितीतरी वर्षं ते पेपरात आणि मासिकात सदर लिहीत राहिले, राहायला त्याच झोलोथुर्नच्या आसपास. २०१० मध्ये त्यांच्यावर एक फिल्म आली, त्यात दिग्दर्शक त्यांना पॅरिसला घेऊन जातो आणि हे महाशय स्टेशनसमोरच्या हॉटेलात, खोली नंबर २०२. १५ मार्च २०२५ ला, नव्वदी नऊ दिवसांवर असताना, ते गेले.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकणारे तुमच्यात बरेच असतील, त्यांना सांगतो, दुसरी लेव्हल संपली की डिक्शनरी शेजारी ठेवून थेट मूळ पुस्तकच उघडा, शिडीवाल्यापासून सुरू करा, दूधवाला नंतर.