झाकण उघडण्याआधी

कंट्रोल रूममधून निरोप येतो : "पन्नास टक्के दिलंय, पण व्हॉल्व्ह हलत नाही." तंत्रज्ञ शिडी चढून वर पोहोचतो आणि त्याचा पहिला हात जातो तो पोझिशनरच्या, म्हणजे सिग्नलप्रमाणे हवा देऊन व्हॉल्व्ह हवा तेवढा उघडणाऱ्या यंत्राच्या, झाकणाकडे.

थोडं थांबू या. झाकण बंद असतानाही हे यंत्र बरंच काही सांगत असतं.

(दृश्य : पोझिशनरवरचे तीन गेज, जवळून)

पहिला गेज सप्लायच्या हवेचा, दुसरा सिग्नलचा, तिसरा आउटपुटचा, म्हणजे अ‍ॅक्च्युएटरकडे (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या हवेचा. सिग्नल ३ ते १५ पीएसआयचा (हे दाबाचं एकक) असेल, तर पन्नास टक्क्यांना दुसऱ्या गेजवर ९ दिसायला हवेत. तेवढे नसतील, तर पोझिशनरला हात लावण्याचं कारणच नाही. सिग्नलची ट्यूब बघा, ४ ते २० मिलिअँपिअरच्या करंटचं हवेच्या दाबात रूपांतर करणारा कन्व्हर्टर बघा. सप्लाय कमी पडत असेल, तर फिल्टर रेग्युलेटरच्या तळाचा ड्रेन उघडा. तिथून पाणी किंवा तेल आलं, तर तेच पुढं पोझिशनरमध्येही पोचलेलं असू शकतं.

आता समजा, सप्लाय ठीक, सिग्नल ठीक, आउटपुट तर पूर्ण चढलेला, आणि तरी स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) जागचा हलत नाही. पोझिशनरनं आपलं काम केलेलं आहे. अडकलाय तो व्हॉल्व्ह. कधी आत गाळ साचलेला असतो, तर कधी गळती थांबवण्यासाठी कुणीतरी ग्लँडचे (स्टेमभोवतीचं पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागाचे) नट गरजेपेक्षा जास्त आवळलेले असतात. याउलट आउटपुट चढतच नाही आणि अ‍ॅक्च्युएटरच्या व्हेंटमधून सतत हवा येतेय, तर संशय फाटलेल्या डायफ्रॅमवर (आतल्या लवचीक पडद्यावर) घ्यायचा. पोझिशनरमधून येणारी हलकी फुसफुस मात्र दोष नव्हे. नोझलवर (हवा सोडणाऱ्या बारीक तोंडावर) चालणारा पोझिशनर थोडी हवा कायम सोडतच असतो. नव्या माणसाला ती गळती वाटते आणि तो तासभर साबणाचं पाणी लावत बसतो.

(दृश्य : झाकण उघडतं, नोझल आणि फ्लॅपर)

झाकण उघडायचंच झालं, तर आधी कंट्रोल रूमला कळवून लूप (कंट्रोलर व्हॉल्व्ह आपोआप चालवतो ती साखळी) मॅन्युअलवर घ्या, प्रक्रियेला दुसरी वाट करून द्या. आणि योकमध्ये (स्टेमभोवतीच्या चौकटीत) बोटं घालू नका. स्प्रिंग दाबलेली असते, स्टेम अचानक सुटतो.

आत एक ऑरिफिस, म्हणजे हवा आत येण्याचं बारीक भोक, त्यापुढं नोझल आणि नोझलसमोर फ्लॅपर, म्हणजे एक हलती पट्टी. फ्लॅपर जवळ आला की नोझलमागचा दाब वाढतो, दूर गेला की उतरतो, आणि आउटपुटही त्याच्यामागं जातो. म्हणून फ्लॅपर बोटानं हलकेच नोझलवर टेकवून बघा. आउटपुट बदलत नसेल आणि शून्याकडेच राहत असेल, तर ऑरिफिस तुंबलंय, कारण नोझलपर्यंत हवाच येत नाही. फ्लॅपर दूर नेऊनही आउटपुट चढलेलाच राहिला, तर नोझल तुंबलंय. (आउटपुट उलटा चालणाऱ्या पोझिशनरमध्ये हे उलटं वाचायचं.) दोन्हींचं मूळ बहुधा एकच, अस्वच्छ हवा. उपकरणांच्या हवेसाठीच्या प्रमाणकात धुळीचा कण ४० मायक्रॉनपेक्षा मोठा नको आणि दवबिंदू परिसराच्या किमान तापमानापेक्षा निदान १० अंश सेल्सिअस खाली हवा, असं म्हटलंय ते याचसाठी. जाड तारेनं भोक साफ करू नका. भोक रुंदावलं की पोझिशनर बिघडतो.

मला सर्वांत फसवा वाटतो तो फीडबॅक लिव्हरचा दोष. स्टेम कुठवर गेला, हे पोझिशनरला फक्त या लिव्हरवरून कळतं. लिव्हरची पिन निसटली, की व्हॉल्व्ह हलूनही पोझिशनरला तो हलल्याचं कळत नाही. तो हवा देतच राहतो आणि व्हॉल्व्ह थेट टोकाला जाऊन बसतो. तीन गेज, ऑरिफिस, नोझल, सगळं निर्दोष. दोष असतो एका छोट्या पिनमध्ये.

पिन नुसती सैल असेल, तर व्हॉल्व्ह मागंपुढं डोलत राहतो. यालाच हंटिंग म्हणतात. इथं एक सोपी परीक्षा आहे : लूप मॅन्युअलवर ठेवून सिग्नल स्थिर करा. डोलणं थांबलं, तर कंट्रोलरचं ट्यूनिंग बघा. चालूच राहिलं, तर दोष इथंच आहे, लिव्हरमध्ये, घट्ट पॅकिंगमध्ये किंवा पोझिशनरच्या रिलेत (नोझलचा दाब वाढवून पुढं देणाऱ्या भागात).

(दृश्य : सिग्नल पायरीपायरीनं चढतो)

दुरुस्तीनंतर ३ पीएसआयला झिरो (स्टेमच्या प्रवासाची सुरुवात), १५ ला स्पॅन (शेवट) स्क्रूनं जुळवा. एक फिरवला की दुसरा थोडा सरकतो, म्हणून दोन्ही पुन्हापुन्हा जुळवावे लागतात. टोकं जुळूनही मध्य चुकत असेल, तर स्क्रू फिरवणं थांबवा आणि लिव्हरकडे बघा. पन्नास टक्क्यांना तो स्टेमशी काटकोनात असायला हवा. मग ३, ६, ९, १२, १५ असं चढत जा आणि तसंच उतरत या. दोन्ही वेळा स्टेम त्याच खुणांवर थांबला, की लूप पुन्हा ऑटोवर द्यायला हरकत नाही.