कोलंबोचं गॉल फेस हॉटेल: खोली साधी घ्या, व्हरांडा सोडू नका

नमस्कार मंडळी, बडोद्याहून तुमचं स्वागत.

कोलंबोच्या गॉल फेस हॉटेलात आम्ही राहून आलो. मी, नवरा, सासूबाई आणि चौथीतली लेक. तेव्हापासून दांडिया बाजारात भेटेल ती विचारते, "काय गं, पैसे वसूल झाले का?" झाले. पण अशा जुन्या, नावाजलेल्या हॉटेलात पैसे पाण्यात घालणंही सोपं असतं, म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

[स्क्रीनवर: हॉटेलचा दर्शनी भाग, बाजूला समुद्र]

हे हॉटेल १८६४ चं. समोरचं गॉल फेस ग्रीन मैदान त्याआधी पाच वर्षं, गव्हर्नर हेन्री वॉर्डच्या काळात तयार झालेलं. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि या बाजूला आगबोटींची वर्दळ वाढली. पण तेव्हा मोठ्या बोटी थांबायच्या दक्षिणेला गॉल बंदरात. कोलंबोला लाटा अडवणारी भिंतच नव्हती. तिची कोनशिला डिसेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून बसली. आणि गंमत बघा, त्याच्या आदल्याच महिन्यात हे युवराज आपल्या बडोद्यात पाहुणे होते! बारा वर्षांचे सयाजीराव त्याच वर्षी दत्तक येऊन गादीवर बसले होते.

भिंत झाली, बोटी कोलंबोला वळल्या. कित्येक आठवडे बोटीवर हिंदकळून आलेल्या माणसाला काय हवं असतं? आंघोळ, गरम जेवण आणि न हलणारा पलंग. हॉटेलं चालली ती त्यावर.

आता मुद्द्याचं. अशा इमारतीचा सगळा थाट असतो तो जिन्यात, दिवाणखान्यात, व्हरांड्यात. उंच छत, खोल व्हरांडा, समोरासमोर दारं-खिडक्या, ही सगळी पंखा नसतानाच्या काळातली हवेची सोय. खोल्या मात्र नंतर बदललेल्या असतात. कुठे बाथरूम आत घुसवलेलं, कुठे भिंत सरकवलेली. म्हणून मी सगळ्यात साधी खोली घेतली. 'सी व्ह्यू'चे जादा पैसे वाचवले, कारण व्हरांड्यातली वेताची खुर्ची सगळ्या पाहुण्यांना सारखीच, आणि समुद्र तिथून दिसतोच. नवऱ्याला हे पटायला वेळ लागला, ती गोष्ट वेगळी.

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात आपण तिकीट काढून, कानाला ऑडिओ गाइड लावून दरबार हॉल बघतो आणि बाहेर पडतो. इथे रात्री पाणी प्यायला उठलं की सागवानी फळी पायाखाली कुरकुरते. पैसे त्याचे.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: इथे राहायचं तर सकाळी नऊला टॅक्सी करून संध्याकाळी सातला परत येऊ नका. तसंच करायचं असेल तर कुठलंही बजेट हॉटेल चालेल. एकच रात्र घ्या, सहलीच्या शेवटची, आणि त्या दिवशी बाकी काही ठरवू नका.

संध्याकाळी बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या फरशीच्या गच्चीवर बसा. सूर्य बुडताना बॅगपाइपच्या सुरावर झेंडा उतरवतात. लेकीला त्यापेक्षा आवडली ती इथे ठेवलेली जुनी मोटार. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ (दुसऱ्या) यांचे यजमान प्रिन्स फिलिप नौदलात असताना १९४० मध्ये त्यांनी ती १२ पौंडांना विकत घेतली होती. सेकंडहँड!

आणि कुट्टन. केरळातून आलेला हा माणूस १९४२ मध्ये इथे कामाला लागला आणि २०१४ मध्ये वारला तोपर्यंत पांढऱ्या गणवेशात, पांढऱ्या मिशांत दारावर उभा होता. सत्तर वर्षांहून जास्त! मालक किती बदलले असतील, लोकांच्या फोटोत मात्र हाच.

शाकाहारी मंडळी, हे नीट ऐका. नाश्त्याला इडिअप्पम, आप्पम, ओल्या खोबऱ्याचा लालभडक पोळ सांबोळ असतो. आपल्याला वाटतं, खोबऱ्याची चटणीच. पण त्यात बहुधा उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. कधी कधी डाळीतही. नुसतं "व्हेज?" विचारून भागत नाही, "उंबलकड आहे का?" असंच विचारा. समोरच्या मैदानावर गाड्यांवर इस्सो वडे मिळतात. सासूबाईंनी "अगं, डाळवडाच की हा" म्हणत हात पुढे केला, तर वर अख्खी कोळंबी, मिशांसकट! मग नुसती कैरी खाल्ली, तिखटमीठ लावून.

पैशांचं पटकन सांगते. दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि कर वेगळा. व्हॅट जानेवारी २०२४ पासून १८ टक्के आहे, म्हणजे शंभराचे सव्वाशेच्या वर जातात. तुलना नेहमी शेवटच्या आकड्याची करा. मुलासाठी जादा पलंग मिळेल का आणि ज्येष्ठांसाठी लिफ्टजवळची खोली मिळेल का, हे दोन्ही आधी ईमेलवर लेखी घ्या. जुन्या इमारतींत पायऱ्या फार असतात.

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, अडीच तासांच्या आसपास. आम्ही बडोद्याहून रात्रीची गाडी धरून मुंबई गाठली. व्हिसाचे नियम तिकडे सारखे बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी सरकारी वेबसाइटच बघा.

पुढच्या भागात कोलंबो ते कँडी, रेल्वेने. त्यात कुठल्या बाजूची खिडकी धरायची ते सांगते.