पाऊस थांबला, नदी नाही

रात्रीचे दोन. बडोद्याच्या दांडिया बाजारातला एक जुना वाडा. वीज गेलेली. आजी खिडकीशी उभ्या आहेत. आभाळात लख्खकन उजेड होतो तेव्हा चौकातलं पाणी दिसतं: पहिल्या पायरीला टेकलेलं. पुन्हा वीज चमकते. पहिली पायरी दिसत नाही.

गडगडाटी ढग एकटा आला तर तासाभरात मोकळा होतो. घात होतो तो त्याच्या पाठोपाठ दुसरा, तिसरा ढग त्याच वाटेनं येऊन त्याच वस्तीवर रिकामा होतो तेव्हा. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस किलोमीटरवर 10 कोटी लिटर पाणी. डांबर आणि काँक्रीट ते पिऊन घेत नाही. पावसाळी गटारांनी ते शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत न्यावं, अशी सोय आहे. पण नदीच भरून आली की गटारांची तोंडं पाण्याखाली जातात. मग पाणी रस्त्यावरच तुंबतं, कधी गटारातून उलटं घरात शिरतं.

हे झालं डोक्यावर पडलेलं पाणी. दुसरं मागून येतं.

विश्वामित्री उगम पावते पावागडाच्या डोंगरात. शहराच्या पूर्वेला आजवा सरोवर आहे, सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्याची तहान भागवण्यासाठी बांधलेलं. ते भरलं की जादा पाणी विश्वामित्रीतच उतरतं. तिकडे रात्रभर कोसळलेला पाऊस काही तासांनी शहरात पोचतो. तोवर इथे कदाचित ऊन पडलेलं असतं, लोक दुकानं उघडत असतात. म्हणूनच, ‘पाऊस थांबला, आता निवांत झोपा’ या वाक्याची मला फार भीती वाटते.

31 जुलै 2019. एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस. गळ्याइतक्या पाण्यातून एका पोलीस अधिकाऱ्यानं तान्ही मुलगी प्लास्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर घेऊन बाहेर काढली. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. टबात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, आणि खाली फक्त एक चेहरा पाण्याच्या वर.

ऑगस्ट 2024. धोक्याची खूण 26 फुटांवर, आणि नदी 35 फुटांच्याही वर. पाऊस ओसरला तरी कित्येक सोसायट्यांमधलं पाणी हटेना. शहरातल्या अकोटा भागात एक मगर घराच्या छपरावर चढून बसलेली दिसली. या नदीत शेकडो मगरी आहेत. पात्र भरलं की त्याही आसरा शोधत वस्तीत येतात. पूर बघायला पुलावर गर्दी करणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आणि वाहतं पाणी फसवं असतं. जोरात वाहणारं पाणी घोट्याच्या वर आलं की धडधाकट माणसाचेही पाय उचलले जाऊ शकतात; दोन फूट असलं तर मोटारही वाहून जाऊ शकते. अंधारात खड्डा दिसत नाही, उघडं मॅनहोल दिसत नाही. स्कूटर काढायला खाली धावू नका. ती राहू दे.

दांडिया बाजारात पाऊस आता थांबला आहे. चौक शांत आहे. आजी झोपायला गेलेल्या नाहीत. आजव्याची पातळी काय झाली, हे नातू मोबाईलवर पाहतो आणि मोठ्यानं वाचून दाखवतो. त्या मेन स्विच खाली करतात, कागदांची पिशवी माळ्यावर ठेवायला सांगतात आणि कंदील घेऊन तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचं दार वाजवतात.

“उठा रे, मुलांना घेऊन वर या. नदी अजून यायची आहे.”