यंदाचा अल्बम, चंदाचे शब्द

(दृश्य : शहागंजचा घड्याळाचा मनोरा, रिक्षांची गर्दी, दिवेलागण.)

1768 साली या शहरात, औरंगाबादेत, एक मुलगी जन्मली. नाव चंदा. निजामाची राजधानी पाचेक वर्षांपूर्वीच इथून हैदराबादला हलली होती. पुढं चंदाही तिकडंच गेली. गाणं शिकली, तिरंदाजी शिकली, दुसऱ्या निजामाच्या फौजेबरोबर मोहिमांवरही गेली. दरबारानं तिला 'माहलका' म्हटलं, चंद्रमुखी. उर्दूत तिनं गझला लिहिल्या, पाच-पाच शेरांच्या, आटोपशीर. त्यांची एक हस्तलिखित प्रत तिनं 1799 मध्ये जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याला नजर केली. ती प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

माहलकाबाई चंदा. शाळेत मला हे नाव कुणी सांगितलं नव्हतं. ते मला 2024 मध्ये कळलं, आणि तेही ब्रुकलिनहून आलेल्या एका अल्बममुळं.

(दृश्य : हेडफोन लावलेला माणूस, मागं बीबी का मकबऱ्याचा रस्ता.)

दरवर्षी डिसेंबरात मी वर्षभराच्या अल्बमांची यादी करतो. यादी म्हणजे वहीचं एक पान. यंदा, म्हणजे 2024 च्या पानावर, सगळ्यात वर आहे अरूज आफताब या गायिकेचा 'नाइट रेन'. ही बाई सौदी अरेबियात जन्मली, लाहोरला वाढली, बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात संगीत शिकली आणि आता न्यूयॉर्कला राहते. 2022 मध्ये तिला ग्रॅमी मिळालं, पाकिस्तानच्या वाट्याला आलेलं पहिलंच. 'नाइट रेन' मे महिन्याच्या शेवटी आला. गाणी नऊ. त्यांतल्या दोन गाण्यांचे शब्द आपल्या चंदाचे आहेत. एक 'ना गुल', दुसरं 'साकी'. 'साकी'त पियानोवर विजय अय्यर आहे.

मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्दांकडं लक्षच गेलं नाही. कसं जाणार? अरूज शब्द उच्चारत नाही, विरघळवते. एक अक्षर धरते, लांबवते, त्याच्या खालून हार्पची तार जाते, बास हळूच सरकतो, आणि पुढचा शब्द येईपर्यंत मागचा कुठला होता ते विसरायला होतं. आमच्याकडं हे पचायला जड आहे. खुलदाबादच्या उरुसात कव्वाली ऐकलेला माणूस शब्दासाठी बसतो. मिसरा, म्हणजे शेराची ओळ, दोनदा, तीनदा, दहादा यायला हवा, दाद देता यायला हवी. माझ्या एका मित्राला मी 'ना गुल' ऐकवलं, तर तो म्हणाला, "आवाज लई भारी हाय, पर काय म्हणायली ती?"

प्रश्न रास्त आहे. आणि मला वाटतं, अरूजची ती खरी उणीवही आहे. पाच शेरांत गोष्ट संपवणाऱ्या कवयित्रीचा नेमकेपणा या धुक्यात थोडा हरवतो. माहलका दरबारात गायली असेल तेव्हा शेर असा वितळू दिला नसेल.

(दृश्य : पाणचक्की. हौदात पडणारं पाणी.)

याच्या अगदी उलट टोकाला पाकिस्तानी गायिका आबिदा परवीन. औरंगाबादचाच शायर सिराज, चंदाच्या जन्माआधी काही वर्षं वारलेला. त्याची 'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन' ही गझल आबिदा गाते तेव्हा एकेक शब्द समोर आणून ठेवते. सिराजच्याही आधी इथला शायर वली. त्याचा दीवान, म्हणजे गझलांचा संग्रह, दिल्लीला पोचला आणि फारसीत लिहिणारे कवी उर्दूकडं वळले. म्हणजे या शहराचे शब्द बाहेर जाऊन गाजणं काही नवं नाही. नवं इतकंच, की यंदा ते जॅझ ऐकणाऱ्यांच्या कानात गेले. 'नाइट रेन'ला ग्रॅमीचं जे नामांकन मिळालंय, तेही जॅझच्या विभागात.

तरी पहिला नंबर 'नाइट रेन'लाच का? कारण तो रात्री ऐकायचा अल्बम आहे आणि पूर्ण ऐकावा लागतो. एखादं गाणं सुटं काढून ऐकलं की त्यातला जीव जातो. असे अल्बम आता फार निघत नाहीत.

(दृश्य : शेतातली आगटी, हुरडा, तिळाची चटणी. कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं.)

बाकीची यादी भराभर सांगतो. गणव्या या गायिकेचा 'डॉटर ऑफ अ टेम्पल', नोव्हेंबरात आलेला. ही न्यूयॉर्कला जन्मली, तमिळनाडूत वाढली आणि हरिकथा शिकली. ऐकताना उगीच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. वेरूळच्या भोसल्यांची एक पाती तंजावरला गेली, त्यांच्या राज्यात मराठी कीर्तन रुजलं आणि तमिळ हरिकथेनं त्यातून बरंच काही उचललं. नातं लांबचं, पण आहे. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा 'बीटा' चांगलाय, मात्र त्याला निवांत दुपार लागते.

झाकीर हुसेन यांचे 'धिस मोमेंट' आणि 'अ‍ॅज वी स्पीक' खरं तर 2023 चे. नियमानं ते या पानावर बसत नाहीत. पण फेब्रुवारीत त्यांना एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले आणि 15 डिसेंबरला ते गेले. नियम माझाच आहे, मोडला.

मराठी? गाणी आहेत की. जळगावच्या संजू राठोडची 'गुलाबी साडी' यंदा कुठल्या वरातीत वाजली नाही ते विचारा. पण ते एकटं गाणं. सलग ऐकावा असा मराठी अल्बम मला यंदा सापडला नाही, आणि शोधला नव्हता असंही नाही.

राहिला रहमानचा 'अमरसिंह चमकीला'. दिलजीत आणि परिणीतीनं चित्रीकरण चालू असतानाच प्रत्यक्ष गायलेली गाणी त्या चित्रपटात आहेत. चमकीला म्हणजे आखाड्यांत, गावोगावच्या जाहीर मैफलींत, गाणारा पंजाबी गायक, टीकेचा धनी, 1988 मध्ये गोळ्या घालून मारलेला. पंजाबीचा एक शब्द न कळणारी आमची मंडळी हुरड्याला हाच अल्बम पुन्हा पुन्हा लावतात. तमाशाचा फड पाहिलेल्या मुलखाला चमकीला समजावून सांगावा लागत नाही. आगटीभोवती मतदान घेतलं, तर 'नाइट रेन'ची अनामत जप्त होईल आणि चमकीला प्रचंड मतांनी निवडून येईल.

पण वही माझी आहे. त्यात वर चंदाच.